न सरणारी वडी

प्रश्नावल्यांचा गठ्ठा परत आला, तेव्हा त्यातली उत्तरं वाचून कुणालाही समाधान वाटलं असतं. ‘जेवणापूर्वी तुम्ही साबणाने हात धुता का?’ या प्रश्नाखाली चार चौकोन होते: नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही. एखाददुसरी सोडली तर साऱ्या मुलींनी ‘नेहमी’वर खूण केली होती. हात किती वेळ चोळायचे? वीस सेकंद. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान किती हवं? साठ टक्के. न धुतलेल्या हातांनी कोणते आजार पसरतात? अतिसार, विषमज्वर, कावीळ, जंत. एकीनं तर जागतिक हात धुणे दिनाची १५ ऑक्टोबर ही तारीखही समासात लिहून ठेवली होती, कुणी विचारली नसताना.

ही गोष्ट वाशिममधल्या मुलींच्या एका वसतिगृहातली. तिथे नव्या मुलीचं नाव लवकर लक्षात राहत नाही, पण गाव पहिल्याच दिवशी राहतं आणि पुढे तेच तिचं नाव होऊन बसतं. त्यामुळे जिन्यावर रिसोड, कारंजा, शिरपूर अशाच हाका ऐकू येतात. प्रश्नावल्या वाटणारी मुलगी मानोरा. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राचं शेवटचं वर्ष, आणि प्रकल्पाचा विषय ‘विद्यार्थ्यांमधील हातांची स्वच्छता: ज्ञान, दृष्टिकोन आणि सवयी’. विषय तिनं स्वतः मागून घेतला होता. तिच्या खोलीतली कारंजा आदल्या पावसाळ्यात काविळीनं पडली होती. डोळे पिवळे, अन्नाचा वास सोसवेना, जिना चढताना धाप. गावी गेली ती सत्र परीक्षा बुडवूनच परतली. कुणी मेसच्या पाण्याला दोष दिला, कुणी गाड्यावरच्या पाणीपुरीला. खरं कारण कळायचा मार्गच नव्हता. ‘अ’ प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी चार आठवडे. महिन्यापूर्वीचा कोणता घास नडला हे कुणाला आठवणार? मला वाटतं, हात धुण्याची सवय अंगी न लागण्याचं हे एक मोठं कारण आहे. विस्तवाला हात लावला की तिथल्या तिथे पोळतो, म्हणून लहान मूलही एकदाच शिकतं. न धुतलेल्या हाताची शिक्षा उशिरा येते, आणि ती कशाची हे सांगत नाही.

रात्रीची जेवणं उरकल्यावर मानोरा मेसच्या टेबलावर गठ्ठा पसरून बसली होती. मेसचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी समोरच्या बाकावर उद्याची तुरीची डाळ निवडत होत्या.

“काय लिहून रायली वं इतकं?”

“प्रकल्पाचं आहे मावशी. सगळ्या मुलींनी लिहून दिलंय, जेवायच्या आधी साबणानं हात धुतो म्हणून. छान निकाल आलाय.”

“समद्या?”

“जवळजवळ सगळ्या.”

“दोन्ही टायमाले?”

“हो.”

मावशींनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. “मंग बेसिनवरची वडी काहून सरत नाही?”

मानोराला प्रश्न कळला नाही. मावशींनी समजावून सांगितलं, तेही डाळ निवडता निवडताच. “तेल सरते, मीठ सरते, चहापत्ती तं महिनाभर पुरत नाही. जे वापरलं ते सरते, बाई. पोयाले म्या नवी वडी ठेवली व्हती. आतं दिवाळी आली. जाऊन पाह्य, तिथंच हाय.”

मानोरा उठून पाहून आली. बेसिन मेसच्या दारात नव्हतं, मागच्या बाजूला जिन्याखाली होतं. तिथला दिवा गेलेला. मोबाईलच्या उजेडात तिला वडी दिसली. वर कंपनीचं नाव अजून ठसठशीत होतं. कडांना बारीक भेगा पडल्या होत्या, मधल्या खोलगट भागात धूळ बसली होती आणि एक लांब केस चिकटून वाळला होता. खालच्या बाजूनं मात्र ती बेसिनच्या कडेला घट्ट चिकटली होती, कारण रोज जेवण झाल्यावर मुली तिथेच हात विसळत आणि पाणी वडीखाली साचे. म्हणजे नळ रोज चालू होता. जेवल्यानंतर.

हे आपल्याकडे घरोघरी असंच आहे. जेवल्यावर हात धुतल्याशिवाय कुणी उठत नाही, कारण बोटांना वरण लागलेलं असतं. उष्टा हात दिसतो, चिकटतो, वास येतो. जेवणाआधीचा हात मात्र स्वच्छच वाटतो. बसचा दांडा, मोबाईल, दहाच्या जुन्या नोटा आणि संडासाच्या दाराची कडी या सगळ्यांना लागून आलेला हात कोरडा असतो, आणि कोरडा म्हणजे चांगला असं आपण धरून चालतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मानोरानं तीच वडी प्रयोगशाळेत नेली, पुसून, दोन दिवस वाळवून काट्यावर ठेवली. नव्या वडीचं वजन वेष्टनावर १०० ग्रॅम छापलेलं होतं, आणि ही फार तर चार-पाच ग्रॅमनं उतरली होती. मग तिनं स्वतः दुसऱ्या नव्या वडीनं दहा वेळा हात धुतले, घाई न करता. तीही वाळवून तोलली तेव्हा साडेतीन ग्रॅम कमी भरली. हिशेब सोपा होता. वसतिगृहात चाळीस मुली. दोन वेळा जेवण, म्हणजे दिवसाला ऐंशी वेळा धुणं. अठ्ठावीस ग्रॅम. प्रश्नावलीतलं ‘नेहमी’ खरं असतं, तर एक वडी चार दिवसही टिकायला नको होती.

तिनं तो आकडा वहीत लिहिला आणि बराच वेळ पुढे काही लिहिलं नाही. मुली खोटं बोलल्या नव्हत्या, हे तिला ठाऊक होतं. ‘नेहमी’वर तिची स्वतःची खूणही होती, आणि ती तिनं प्रामाणिकपणे केली होती. काय करायला हवं हे मनात इतकं पक्कं बसलेलं होतं की ते आपण करतोच, असं तिला वाटत आलं होतं.

डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर जवळच्या एका गावात लागलं. २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी, म्हणून त्या दिवशी सकाळी ग्रामसफाई. वाशिम, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि अमरावती या पाच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचं विद्यापीठ १९८३ साली अमरावतीला स्थापन झालं आणि त्याला आज बाबांचंच नाव आहे. त्या मुलींच्या प्रत्येक गुणपत्रिकेवर ते नाव छापलेलं असतं. बाबा १९५६ साली अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गेले. तोवरची कित्येक वर्षं त्यांची एक रीत होती. गावात शिरलं की आधी खराटा हातात घ्यायचा, रस्ते झाडायचे, गटारं उपसायची, आणि कीर्तन रात्री. बोलणं नंतर, काम आधी. या क्रमात फार मोठं शहाणपण आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे, आणि ते आपण त्यांच्या पुतळ्यांना हार घालताना विसरतो.

मुलींनी त्या सकाळी मनापासून काम केलं. उकिरड्याकडची वाट झाडली, हापशाभोवतीचा चिखल फावड्यानं ओढला, प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांनी वेचून पोत्यात भरल्या. दहाच्या सुमारास शाळेच्या ओट्यावर पोह्यांचं पातेलं आलं, वर कांदा-कोथिंबीर, बाजूला चहा. भूक लागलेली. कागदी बशा फिरल्या, आणि ज्या हातांनी पोती बांधली होती त्याच हातांनी साऱ्यांनी पोह्यांचे घास घेतले. मानोरानंही. हापसा वीस पावलांवर होता, आत्ताच त्यांनी तो धुऊन पुसून लख्ख केला होता. तिसऱ्या घासाला तिचं लक्ष आपल्या अंगठ्याच्या नखाकडे गेलं. नखाखाली काळी रेघ होती आणि त्यावर हळदीचा पिवळा डाग. तिनं बशी खाली ठेवली. समोर फळ्यावर रिसोडनं कालच काढलेलं सुंदर चित्र होतं: दोन हात, मध्ये फेस, खाली ‘स्वच्छ हात, आरोग्याची साथ’. रिसोड त्याच फळ्याला टेकून पोहे खात होती.

परतल्यावर मानोरा आपल्या मॅडमकडे गेली आणि म्हणाली, “माझी प्रश्नावली फुकट गेली. सगळ्यांना सगळं माहीत आहे.”

मॅडमनी तिला व्हिएन्नाची हकीकत सांगितली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात ती चार ओळींत असते, मॅडमनी ती सविस्तर सांगितली. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन कक्ष होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतरोगानं कितीतरी जास्त बायका मरत, इतक्या की बाया तिथे जायला नको म्हणून गयावया करत. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करत आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासायला येत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरनं हे ओळखलं, आणि मे १८४७ मध्ये कक्षात शिरण्याआधी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या कक्षात शंभरातल्या अठराहून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास.

“आता बघ,” मॅडम म्हणाल्या, “त्या पोरांना जंतू म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पाश्चरचं काम अजून व्हायचं होतं. सेमेलवाइसलाही कारण नीट सांगता आलं नाही, लोकांनी त्याचं ऐकलं नाही, बिचारा १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला. पण जोवर ते पाणी वाटेत होतं आणि तो स्वतः तिथे उभा होता, तोवर हात धुतले गेले. त्यांना काही माहीत नव्हतं आणि ते धूत होते. तुमच्या मुलींना सगळं माहीत आहे.”

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मानोरा जिन्याखालच्या अंधाऱ्या बेसिनचा विचार करत खोलीवर आली.

जानेवारीत तिनं आधी तेच केलं जे कुणीही करील. मेसच्या दारात सॅनिटायझरची बाटली ठेवली. कोरोनाच्या वेळची आठवण साऱ्यांना होती. २०२१च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले होते आणि सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडे गेलं होतं. तो आजार मुख्यतः श्वासातून पसरणारा, तरी त्या दिवसांत घराघरांत हात धुतले जात होते, दारादारांत बाटल्या होत्या. भीती गेली, बाटल्याही रिकाम्या झाल्या. आताची बाटली आठ दिवसांत संपली आणि दुसरी कुणी आणली नाही. शिवाय भाजी चिरून आलेल्या किंवा मातीनं भरलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही, तिथे साबण आणि पाणीच लागतं, हे तिला ठाऊक होतं. मग तिनं व्याख्यान दिलं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, त्वचेवरच्या तेलकट थरात बसलेले जंतू त्यामुळे सुटतात आणि चोळल्यानं पाण्याबरोबर वाहून जातात, हे तिनं फळ्यावर काढून दाखवलं. नुसत्या पाण्यानं तेल सुटत नाही, म्हणून जंतूही पुरते सुटत नाहीत. साबणानं हात धुतल्यानं अतिसाराचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटतं हेही सांगितलं. टाळ्या झाल्या. जेवणाची घंटा झाली, आणि टाळ्या वाजवणारे हात तसेच ताटांकडे गेले.

मावशी दारातून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुली वर्गात असताना, त्यांनी एकटीनं सगळी मेस हलवली. ताटांची मांडणी दाराजवळून उचलून पार आतल्या भिंतीला नेली. तिच्या अलीकडे, वाटेतच, एक ओटा होता. त्यावर तोटीचा प्लॅस्टिकचा ड्रम ठेवला, खाली बादली. साबण चोरीला जातो, निसरतो, खाली पडून चिकटतो, म्हणून वडी कांद्याच्या लाल जाळीत घालून तोटीला सुतळीनं बांधली. जाळीतली वडी हातात धरून चोळली की फेसही लवकर येतो. ड्रमला वळसा घातल्याशिवाय ताट मिळणार नाही अशी बाकं लावून टाकली.

संध्याकाळी पहिली आली शिरपूर. ती नेहमीसारखी दाराशी ताट घ्यायला वळली, ताट नव्हतं.

“मावशी, ताटं कुठं?”

“पुढं हाय.”

पुढे जायच्या वाटेत तोटी होती. शिरपूर थांबली, मागे वळून पाहिलं, आणि तिनं हात धुतले. तिच्या मागून आलेल्या मुलीनं तिला धुताना पाहिलं आणि तीही थांबली. रांग लागली. रांगेत उभं राहून पुढचीचे हात पाहिले जातात, आणि मागची आपले हात पाहते आहे हे कळतं. व्याख्यानानं जे झालं नव्हतं ते त्या चार फुटांच्या वाटेनं पहिल्या दिवशी केलं. सगळं नाही. दोघी-तिघी बाकाखालून वाकून गेल्याच. पण वडी सरायला लागली. मानोरा रोज रात्री ती काढून वाळत घालायची, दुसरी लावायची, सकाळी तोलायची. वहीत रोजचं वजन उतरत होतं.

गोष्ट इथवर येऊन थांबली असती, तर ती मावशींच्या शहाणपणाची झाली असती. पण मानोराला स्वयंपाकघराचाही प्रश्न पडला. चाळीस जणींचे हात धुतले जात होते, आणि वाढणारे हात? तिनं निर्जंतुक कापसाचे बोळे घेतले. पोळ्यांच्या टोपलीचा काठ, वरणाच्या डावाचा दांडा, पाण्याच्या जगाचा कान आणि ओट्यावरचं फडकं, ज्याला मावशी कणीक मळल्यावर, भाजी चिरल्यावर, ताट पुसताना सारख्या हात पुसत. चारी नमुने तिनं जंतू वाढवण्याच्या ईएमबी माध्यमाच्या बशांवर पसरले आणि ३७ अंशांवर चोवीस तास ठेवले.

दुसऱ्या दिवशी टोपलीच्या बशीवर काही वाढलं नव्हतं. डावाच्या बशीवर तुरळक गुलाबी ठिपके. जगाच्या बशीवर थोडे अधिक. फडक्याची बशी तिनं खिडकीशी नेऊन तिरपी धरली. जांभळट काळे ठिपके दाटीनं वाढले होते, आणि उजेड पडताच त्यांच्यावर हिरवी, पितळेला चढते तशी धातूची झळाळी उठली. ही झळाळी सूक्ष्मजीवशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी लांबून ओळखतो: ई. कोलाय. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा जंतू. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी, पण तो फडक्यावर सापडला याचा अर्थ एकच, विष्ठेचा अंश कुठून तरी तिथवर पोचला आहे. आणि ज्या वाटेनं तो आला त्या वाटेनं विषमज्वरही येऊ शकतो, कावीळही.

बशी झाकून, चिकटपट्टी लावून ती मेसमध्ये घेऊन गेली. काय बोलावं हे तिनं वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरून गेली.

“मावशी, हे तुमच्या फडक्यावरचं आहे.”

मावशींनी बशी हातात घेतली नाही. “मंग? म्या रोज धुते ते. कालच धुतलं.”

“धुतलं, पण ओलंच राहतं. ओल्यात वाढतात हे. दिवसभर त्याला हात पुसले जातात, मग तेच डावाला, जगाला—”

“म्हंजे पोट्ट्यायले मी आजारी पाडलं म्हनते?” त्यांचा आवाज चढला. “वीस वर्सं झाली या मेसमंदी. कारंजाले कावीळ झाली तवाबी समदे माह्याच तोंडाकडे पाहत व्हते. आतं तू बशी घेऊन आली.”

मानोरानं बशी टेबलावर ठेवली. “कारंजाची कावीळ कशानं झाली ते मला माहीत नाही, मावशी. कुणालाच माहीत नाही. मी ते म्हणतच नाही. पण वडीचं तुम्ही मला दाखवलं नसतं तर मी ‘नेहमी नेहमी’ लिहून पदवी घेऊन गेले असते. तुम्ही दाखवलंत म्हणून मी दाखवतेय.”

मावशींनी गॅस बारीक केला. बराच वेळ त्या त्या बशीकडे पाहत राहिल्या. हिरवी झळाळी त्यांना दिसत होती, ती काय आहे हे विचारायची गरज त्यांना पडली नाही. शेवटी म्हणाल्या, “किती दिसाचं हाय हे?”

“एका दिवसाचं.”

त्या रात्री मोठ्या पातेल्यात सोडा घालून मेसची सगळी फडकी उकळली गेली. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर दोन फडकी आली, एक ओट्याचं, एक भांड्यांचं, दोन्ही दुपारी दोरीवर कडक उन्हात. हात पुसायला फडकंच नको, हवेत वाळवायचे, असं मावशींनीच ठरवलं. कणीक मळायच्या आधी बांगड्या कोपराकडे सरकवून, मनगटापर्यंत फेस करून त्या हात धुऊ लागल्या. पाठीमागून, बोटांच्या मधून, अंगठा मुठीत धरून. अंगठा आणि नखं हीच सगळ्यांत जास्त सुटतात हे मानोरानं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते एकदाच ऐकलं आणि पुढे दुसऱ्यांना सांगू लागल्या.

ज्ञान फुकट गेलं असं मानोराला वाटलं होतं, ते तिनं नंतर मनातून खोडलं. फडक्याचं फडक्याकडे नुसतं पाहून कुणालाच कळलं नसतं, मावशींनाही नाही. तिथे प्रयोगशाळाच लागली. चाळीस प्रश्नावल्यांतलं ज्ञान कागदावर राहिलं, कारण ते कुणाच्या वाटेत आलं नाही. बशीतलं ज्ञान मावशींच्या ओट्यावर आलं, म्हणून त्यांच्या हातात उतरलं.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. वाशिमला पाणी एकबुर्जीच्या धरणातून येतं, आणि एप्रिल लागला की नळाची वाट पाहणं हाच घरोघरचा उद्योग होतो. वसतिगृहात टँकर येऊ लागला. प्यायचं पाणी जपून, कपडे दोन दिवसांनी. ड्रमपाशी भांडण सुरू झालं. “प्यायला पाणी नाही आणि हात कसले धुता?” हे म्हणणाऱ्या मुली चुकीच्या नव्हत्या. तीन-चार दिवस वडीचं वजन जागचं हललं नाही. मानोराच्या वहीत रेघ आडवी झाली.

तोडगा रिसोडनं काढला, चित्रं काढणाऱ्या रिसोडनं. तिनं पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईनं भोकं पाडली, बाटलीत पाणी आणि दोन चमचे कपड्यांचा साबणचुरा घातला. दाबली की साबणपाण्याची बारीक धार. तोटी बंद ठेवून आधी फेस, मग चोळणं, आणि शेवटी विसळायला लोटाभर पाणीही लागत नाही. हात स्वच्छ होतात ते चोळण्यानं. नळ सोडून हात नुसते खाली धरणारी मुलगी बादलीभर पाणी घालवते आणि जंतू तसेच राहतात. विसळलेलं पाणी खालच्या बादलीतून अंगणातल्या कडुनिंबाला जाऊ लागलं, तेव्हा भांडणारीही गप्प झाली. परीक्षेच्या दिवसांत रांग पुन्हा विस्कळीत झाली, काही मुली पुस्तक घेऊनच जेवायला बसत. कारंजा मात्र चुकली नाही. कितीही घाई असो, ती बाटली दाबायची आणि मागे उभी असलेलीच्या हातात द्यायची.

मे महिन्यात मानोराची तोंडी परीक्षा झाली. प्रबंधात प्रश्नावलीची कोष्टकं मागे गेली होती आणि पुढे होता एक आलेख: आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर साबणाचं वजन. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर बरेच प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली, आणि ती गावी गेली.

जूनच्या तोंडावर रेक्टर मॅडम नव्या वर्षाचं किराणा सामान ठरवायला मेसमध्ये बसल्या. मावशींनी यादी पुढे केली. तूरडाळ, तांदूळ, गहू, तेल, मीठ, हळद, तिखट, आणि खाली ‘साबन, म्हयन्याच्या आठ वड्या’. मॅडमनी हिशेब केला. मुलीमागे महिन्याला सहा-सात रुपये पडत होते. महागाईचं कारण सांगून त्यांनी त्या ओळीपाशी पेन टेकवलं आणि म्हणाल्या, “हे मुलींनी आपापलं आणावं. मेसच्या यादीत कशाला? एवढं काटू या.”

मावशी पीठ चाळत होत्या. चाळणी न थांबवता त्या म्हणाल्या, “काटायचंच असंल तं पयले मीठ काटा, मॅडम.”